फोन न्यायाधीशाला जात नसतो

प्रश्न आला आहे तो थोडक्यात असा: "आमच्या भाचीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी सासरी तिचा मृत्यू झाला. गळफास घेतला असं ते म्हणतात. सासरे पंचायत समितीचे माजी सभापती, दीर आमदारांच्या गाडीतून फिरणारा. पोलिसांनी एडी (अकस्मात मृत्यू) नोंदवली आहे, गुन्हा नाही. गावात सगळे सांगतात, यांच्या केसाला धक्का लागणार नाही, उगाच जमीन विकून बसाल. मधुमिता शुक्ला प्रकरणात जन्मठेप झालेले नवरा-बायकोसुद्धा शेवटी सुटलेच ना? असा खटला टिकतो का, खरं सांगा."

मी २८ वर्षं जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी काम करते. सुरुवातीला बहुतेक आरोपींच्या बाजूने, नंतर बहुतेक मयताच्या घरच्यांच्या बाजूने. त्यामुळे दोन्हीकडची स्वयंपाकघरं आतून पाहिली आहेत.

टिकतो. फक्त तुम्हाला भीती वाटते ती जागा वेगळी आहे आणि खरा घात होतो ती जागा वेगळी आहे. लोकांना वाटतं, मोठ्या घरचा माणूस जजला मॅनेज करतो. एवढ्या वर्षांत मला तसा संशय फार क्वचित आला, आणि खरं तर त्यांना तशी गरजही पडत नाही. कोर्टापुढे जे यायचं तेच आधी गाळून ठेवलं, तर न्यायाधीश कितीही सरळ असला तरी शिक्षा कशाच्या आधारावर देणार? फोन जातो तो ठाणे अंमलदाराला. कित्येकदा जातही नाही. सभापतींच्या घरची बॉडी आहे एवढं कळलं की हवालदाराचं पेन आपोआप जड होतं. दुसरी जागा म्हणजे शिक्षेनंतरची वर्षं, जेव्हा पेपरवाले आपापल्या घरी गेलेले असतात. मधला जो कोर्टातला भाग आहे तो त्यामानाने उजेडात चालतो.

तुम्ही मधुमिताचं नाव काढलंत, तर तिच्याच खटल्यावरून सांगते. ही दोन्ही टोकं त्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी दुसरीकडे क्वचितच दिसतील.

मधुमिता शुक्ला लखीमपूर खेरीची. कविसंमेलनं गाजवणारी तरुण कवयित्री, लखनौच्या पेपर मिल कॉलनीत दोन खोल्यांच्या घरात राहायची. ९ मे २००३ रोजी दोन माणसं घरी आली आणि तिला गोळ्या घालून गेली. घरात तिचा नोकर होता. ज्या माणसाशी तिचे संबंध होते तो अमरमणी त्रिपाठी, उत्तर प्रदेशच्या मायावती सरकारातला मंत्री, पूर्वांचलातला बाहुबली, पक्ष कुठलाही असो आपली जागा राखून असलेला. कट त्याचा आणि त्याची बायको मधुमणी हिचा, असं पुढे न्यायालयात सिद्ध झालं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. पोस्टमॉर्टेम झालं, प्रेत गावाकडे निघालं. अहवालात एक ओळ होती की मयत गरोदर आहे. सहा-सात महिने झालेले. ती ओळ एका अधिकाऱ्याच्या नजरेला पडली आणि प्रेत वाटेतून परत बोलावून गर्भाचे नमुने राखून ठेवले गेले, असं तपासाशी संबंधित लोकांनी नंतर सांगितलं आहे. विचार करा, ती गाडी लखीमपूरला पोचली असती, अंत्यसंस्कार झाले असते, तर काय उरलं असतं? एक नोकर, एक बहीण आणि समोर मंत्री. पुढे असंही उठवलं गेलं की मधुमिताचं दुसऱ्याच एका तरुणाशी लग्न झालं होतं, मूल त्याचं. त्या गोष्टीला साक्षीदारसुद्धा उभे राहू लागले होते. डीएनए अहवाल आला, गर्भाचा बाप अमरमणी निघाला, आणि ती सगळी कथा तिथेच बसली. साक्षीदार फिरतो. काचेच्या बरणीतला नमुना फिरत नाही, पण तो बरणीत पडावा लागतो.

माझ्याकडची एक केस सांगते, उलट्या बाजूची. नावं-गावं नको. २४ वर्षांची मुलगी, सासरा तालुक्यातलं वजनदार नाव. गळफास. मी मुलीच्या वडिलांतर्फे सरकारी वकिलांना मदत करत होते. मुद्देमालाचं पाकीट कोर्टात उघडलं तर ओढणी घडी घालून ठेवलेली, कपाटातून काढल्यासारखी. गाठ नाही. गळफासाच्या केसमध्ये गाठ हा अर्धा पुरावा असतो. ओढणी गाठीपासून लांब कापायची आणि गाठ तशीच सील करायची, हे पोलीस प्रशिक्षणात शिकवतात. गाठ कुठल्या हाताची, घसरती की पक्की, गळ्यावरच्या वळाशी जुळते का, हे सगळं त्यावरून बघतात. "गाठ कोणी सोडली?" "घरच्यांनी." "कोणी?" "आठवत नाही." पंचनाम्यात छताची उंची नव्हती. पंख्याच्या हुकापासून पलंगापर्यंतचं अंतर नव्हतं. मुलगी पाच फूट एक इंच होती. ती त्या पलंगावर उभी राहून तिथे पोचत होती का, हा साधा हिशेब आम्हाला मांडताच आला नाही, कारण मापंच घेतलेली नव्हती. दोन पंच होते. एक सासऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर कामाला, दुसरा त्यांच्याच वाड्यातला भाडेकरू. दोघंही फितूर झाले, आणि त्याचं मला आश्चर्यही वाटलं नाही. आरोपी निर्दोष सुटले. निकाल वाचल्यावर वडील मला म्हणाले, "जजने पैसे खाल्ले ना?" मी नाही म्हटलं. तो निकाल मी आरोपीकडून लढत असते तर असाच मागितला असता.

म्हणून पहिल्या तीन दिवसांवर माझा एवढा जोर. तुमचे तीन आठवडे गेलेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण काय शिल्लक आहे ते आजच्या आज बघायला लागेल.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला तर कायदा पोलिसांच्या मर्जीवर सोडत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे प्रेत शवविच्छेदनाला पाठवावंच लागतं, आणि अशा वेळी इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा नायब तहसीलदाराने करणं अपेक्षित असतं. पहिला प्रश्न हाच विचारा: इन्क्वेस्टवर सही कोणाची आहे? हवालदाराची एकट्याची असेल तर लिहून ठेवा. दुसरा: पीएम नोट्स, म्हणजे शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल, कुठे आहे? 'प्रोव्हिजनल कॉज ऑफ डेथ'चा एक कागद देऊन बोळवण करतात, तो नव्हे. पूर्ण नोट्स, गळ्याच्या खुणेचं वर्णन असलेल्या. फासाने लटकल्यास वळ साधारणपणे तिरका, वर कानामागे जाणारा आणि गाठीपाशी तुटलेला असतो. गळा आवळल्यास बहुतेकदा आडवा आणि सगळीकडून फिरलेला. मी डॉक्टर नाही आणि याला अपवाद आहेत, पण त्या नोट्समध्ये खुणेची दिशाच लिहिली नसेल तर ते आजच कळलेलं बरं. तिसरा: फोटो. शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं का, जागेचे फोटो किती, कोणी काढले. चौथा: व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला आहे का, आणि तो प्रयोगशाळेकडे रवाना झाला का. मी एका तालुक्याच्या ठाण्यात व्हिसेराच्या बरण्या कपाटावर महिनाभर धूळ खाताना पाहिल्या आहेत. त्यात कोणाचा कट नव्हता. पोलीस गाडी मिळत नव्हती.

दुसरं शवविच्छेदन तुमच्या बाबतीत आता शक्य नाही, अंत्यसंस्कार झाले असणार. हे मी इतरांसाठी लिहिते. १९९५ चं दिल्लीचं तंदूर प्रकरण आठवत असेल. सुशील शर्मा हा दिल्ली युवक काँग्रेसचा नेता, त्याची बायको नैना साहनी. त्याने तिला २ जुलैच्या रात्री मारून प्रेत रेस्टॉरंटच्या तंदुरात जाळायला नेलं. धूर बघून एका भाजीवालीने आरडाओरडा केला आणि गस्तीवरचा शिपाई भिंतीवरून आत गेला, म्हणून ते उघडकीला आलं. पण पहिल्या शवविच्छेदनात काय आलं? मृत्यू भाजल्यामुळे. दुसरं शवविच्छेदन झालं, एक्स-रे काढले, तेव्हा दोन गोळ्या सापडल्या. जाळलं होतं ते मारल्यानंतर. ओळख पटवायला हैदराबादच्या प्रयोगशाळेतून आईवडिलांच्या रक्ताशी डीएनए जुळवला गेला. पहिला अहवाल तसाच राहिला असता तर बचावाचा वकील उलटतपासात कुठून सुरुवात करणार होता ते मी तुम्हाला झोपेत सांगेन. तेव्हा संशय असेल तर अंत्यसंस्काराआधी लेखी अर्ज द्यायचा: दुसरं पीएम, मोठ्या रुग्णालयात, पॅनेलकडून. "आता तिला आणखी कशाला कापायचं" असं घरातलंच कोणीतरी वडीलधारं म्हणतं. मी अशा वेळी गप्प बसते. त्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचत नाही.

गुन्हा नोंदवून घेत नाहीत याचं उत्तर सरळ आहे. फिर्याद लेखी द्या, पोच घ्या. नाही घेतली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने, आणि तरीही हलले नाहीत तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कलम १७५(३) खाली. माहेरच्या गावच्या ठाण्यातही झिरो नंबरने, म्हणजे हद्द कोणाची ते न बघता, देता येते, ही आता फक्त सोय राहिलेली नाही, ती संहितेतच आली आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

फिर्यादीत काय लिहायचं हे मात्र मन लावून करा. आपल्याकडे सुनेचा मृत्यू म्हटला की कारकुनाच्या बोटांतून हुंडाबळीचा ठरीव मजकूर आपोआप उतरतो: टीव्ही आणला नाही, गाडीसाठी पैसे आणले नाहीत, म्हणून छळ. हे घडलं असेल तर लिहाच. न्याय संहितेचं कलम ८०, किमान सात वर्षं ते जन्मठेप, आणि साक्ष कायद्याचं गृहीतक तुमच्या बाजूने उभं राहतं, पण 'मृत्यूच्या थोडं आधी' छळ झाल्याचं तुम्हाला दाखवावं लागतं. चार वर्षांपूर्वीच्या साखरपुड्यातल्या अंगठीवरून ते सिद्ध होत नाही. खून झाल्याचा संशय असेल तर तेही स्पष्ट शब्दांत लिहा, कलम १०३. 'हुंडाबळी' एवढंच लिहून थांबलात की 'मुलीने जीव दिला' हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. पुढे ते पुसायला फार कष्ट पडतात. जगात काही देशांनी बाई आहे म्हणून केलेल्या खुनाला वेगळं नाव देऊन वेगळी शिक्षा ठेवली आहे, अर्जेंटिनाने २०१२ मध्ये वेगळं नाव न देता अशा खुनाची शिक्षा वाढवली. आपल्याकडे तसं कलम नाही. खून हा खूनच, आणि माझं मत विचाराल तर आपलं अडतं ते कलमापाशी नव्हे, गाठ सोडलेल्या ओढणीपाशी.

घराच्या चार भिंतींत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात आहे, त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००६. सासरच्यांनी सांगितलं होतं की बाईला साप चावला. शवविच्छेदनात निघालं गळा आवळल्याचं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घराच्या आत असं घडतं तेव्हा घरात असलेल्यांनी ते कसं घडलं याचा खुलासा द्यायला हवा. नुसतं गप्प बसून किंवा खोटं सांगून सुटता येणार नाही. आम्ही वकील हा निकाल इतका वापरतो की पान उघडावं लागत नाही. पण नीट बघा, तिथेही पाया कोणी घातला? गळा आवळल्याचं लिहून ठेवणाऱ्या डॉक्टरने. खुलासा मागण्याआधी काहीतरी हातात असावं लागतं. आणि त्या वेळी घरात कोण होतं हेही आधी तुम्हीच सिद्ध करायचं असतं. तेव्हा मोबाईलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) आणि टॉवर लोकेशन राखून ठेवा असा अर्ज तपास अधिकाऱ्याला लगेच द्या, गल्लीतल्या दुकानाच्या सीसीटीव्हीसह. सीसीटीव्हीचे बरेच डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे डबे, पंधरा-वीस दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहितात. तुमचं कदाचित पुसलंही गेलं असेल. तरी विचारा.

भाचीचे मेसेज आणि व्हॉइस नोट्स ज्या फोनवर आल्या तो फोन बंद करून ठेवा. स्क्रीनशॉट काढून सगळ्या नात्यात फिरवू नका, हे मी हात जोडून सांगते. पुरावा म्हणून मूळ फोन लागतो, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, ज्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, भरावी लागते. मावशीच्या फोनवरून काकाच्या फोनवर गेलेली प्रत घेऊन आलात तर मला आधी तिची वंशावळ सिद्ध करत बसावं लागेल.

जामिनाचं बोलते. आरोपी पकडले गेले तर जामिनाला लेखी विरोध करा, सरकारी वकील करतीलच असं धरू नका. इथे एक गंमत आहे, गंमत म्हणावं का माहीत नाही. मधुमिता प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अमरमणी आणि मधुमणीला जामीन दिला. तपास सीबीआयकडे होता, ती वर गेली आणि सप्टेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तपासाची दिशा भरकटवण्याचे आणि साक्षीदारांवर दबाव आणण्याचे प्रकार न्यायालयाने विचारात घेतले, आणि जामीन देताना काय काय बघायचं त्याची यादी त्याच निकालात मांडली: आरोपीची पत, साधनं, वजन, साक्षीदारांना फितवण्याची भीती. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात जामिनाला विरोध करणारा वकील उभा राहिला की दहा मिनिटांत म्हणतो, "स्टेट ऑफ यूपी विरुद्ध अमरमणी त्रिपाठी." त्याचं नाव कायद्यात राहिलं ते असं. तो मात्र जामीन रद्द होऊन आत असताना २००७ ची विधानसभा निवडणूक तुरुंगातून लढला आणि जिंकलाही.

त्या वेळी मधुमिताची बहीण निधी शुक्ला ही सर्वोच्च न्यायालयात गेली होती. उत्तर प्रदेशात खटला नीट चालणार नाही, बाहेर न्या, एवढीच मागणी. २००७ मध्ये खटला उत्तराखंडात डेहराडूनला गेला. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला चौघांना जन्मठेप झाली, अमरमणी, मधुमणी, पुतण्या आणि शूटर. २०१२ मध्ये नैनिताल उच्च न्यायालयाने ती कायम केली. खटला हलवला की काय फरक पडतो याचं हे उदाहरण. २००२ च्या दंगलीतले बेस्ट बेकरी आणि बिल्किस बानोचे खटले गुजरातमधून मुंबईला आले तेही याच कारणाने.

तरी तुम्हाला मी लगेच 'खटला दुसऱ्या जिल्ह्यात न्या' असं सांगणार नाही. उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, पण दबावाचा काहीतरी ठोस पुरावा लागतो, 'ते मोठे आहेत' एवढ्यावर होत नाही. आणि तुमचे साक्षीदार शेतकरी. प्रत्येक तारखेला पहाटेची एसटी पकडून तीन तास जायचं आणि तिथे कळायचं की आरोपीच्या वकिलांनी पुढची तारीख घेतली. असं चार वेळा झालं की माणूस फितूर होत नाही, तो नुसता थकतो. निकालाला दोन्ही सारखंच. त्याआधी साक्षीदार संरक्षण योजनेचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मंजूर केली, अर्जाचा निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. बंदोबस्त मिळेल न मिळेल, पण दबाव आल्याची नोंद तारखेसह होते, आणि ती नोंद पुढे जामीन रद्द करायला आणि खटला हलवायला कामी येते. आईचा आणि कोणी शेजारीण बोलायला तयार असेल तर तिचा जबाब कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवा असंही तपास अधिकाऱ्याला लिहून द्या. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदार सहज झटकतो. मॅजिस्ट्रेटपुढचा झटकताना जरा घाम फुटतो.

साक्षीदार फिरले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. जेसिका लाल प्रकरणात, १९९९, माजी केंद्रीय मंत्र्याचा मुलगा मनू शर्मा आरोपी होता. तिने इतक्या उशिरा दारू द्यायला नकार दिला म्हणून भर पार्टीत गोळी घातली. पिस्तूल कधीच सापडलं नाही. समोर उभे असलेले साक्षीदार उलटले. २१ फेब्रुवारी २००६ रोजी सगळे नऊ आरोपी निर्दोष सुटले. त्याच पुराव्यावर डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, उरलेल्या दोन-तीन साक्षीदारांचं नीट ऐकून. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम राहिली. त्या वेळी अपील करायचं की नाही हे सरकारच्या हातात होतं. २००९ च्या अखेरीस कायदा बदलला. आता निर्दोष सुटकेविरुद्ध मयताच्या वारसांना स्वतः अपील करता येतं. तुमच्या हातातलं हे एक हत्यार जेसिकाच्या बहिणीकडे नव्हतं.

आता तुमचा शेवटचा, खरा टोचणारा भाग. सुटलेच ना? हो. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अमरमणी आणि मधुमणी यांची मुदतपूर्व सुटका केली, २०१८ च्या धोरणाप्रमाणे, वय आणि चांगली वर्तणूक या कारणांवर. आदेश निघाला तेव्हा दोघं तुरुंगात नव्हतेच, गोरखपूरच्या बीआरडी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होते. निधी शुक्लाने माहिती अधिकारात कागद काढून काढून हेच वर्षानुवर्षं मांडलं होतं की शिक्षेचा मोठा भाग रुग्णालयात जातो आहे. ती सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सुटकेला स्थगिती दिली नाही, सरकारला नोटीस काढली.

इथे मी वकील म्हणून थोडी रेंगाळते, कारण हा मुद्दा पेपरांत फारसा आला नाही. शिक्षेत माफी देण्याचा अधिकार 'समुचित सरकारा'चा. ते कुठलं? जिथे शिक्षा सुनावली त्या राज्याचं. बिल्किस बानो प्रकरणात ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर गुजरात सरकारची माफी रद्द केली, कारण शिक्षा मुंबईत झाली होती आणि अधिकार महाराष्ट्राचा होता. अकरा आरोपींना परत तुरुंगात जावं लागलं. मधुमिताच्या खटल्यात गुन्हा लखनौचा, शिक्षा डेहराडूनची, सुटकेचा आदेश लखनौचा. शिवाय तपास सीबीआयचा, आणि अशा खटल्यात राज्याला केंद्राशी सल्लामसलत केल्याशिवाय माफी देता येत नाही. २०१५ च्या घटनापीठाने सांगितलं की सल्ला म्हणजे इथे संमती, आणि नव्या संहितेत तर थेट संमती असाच शब्द आला. कागदावर बोट ठेवून विचारण्यासारखे हे प्रश्न आहेत. विचारायला कोणीतरी वीस वर्षं न थकता उभं असावं लागतं. तिथे एक बहीण होती.

पण या सगळ्याला 'काही झालं नाही' म्हणायला मी तयार नाही. एक मंत्री दीड दशकाहून जास्त काळ कैदी होता, त्याचं राजकारण तिथे संपलं. तुमच्या गावातला जो माणूस म्हणतो की यांच्या केसाला धक्का लागणार नाही, त्याला हे सांगा. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात मुळशीतल्या भुकूमच्या विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणात सासरा पक्षाचा पदाधिकारी होता. पक्षाने हात झटकले आणि सासरे-दीर दोघंही अटक झाले. ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल, मी बोलणार नाही. पण माध्यमांचा तो झोत तुमच्या तालुक्यात पोचेल या भरवशावर राहू नका. पोचला तरी दोन आठवडे टिकतो. खटला सात वर्षं चालतो.

पैशांचं. जमीन विकू नका. खटला सरकार चालवतं, सरकारी वकील फुकट असतो. तुमचा खाजगी वकील त्यांना मदत करू शकतो, कोर्टाची परवानगी घेऊन. एवढ्यासाठी लाखो रुपये मागणारा भेटला तर चहा पिऊन उठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आईच्या नावाने केलात तर उत्पन्नाची मर्यादासुद्धा बघत नाहीत, बाईला ती सवलत आहे.

सोमवारी ठाण्यात जाल तेव्हा एकटे जाऊ नका, आणि दहा जण घेऊनही जाऊ नका. दोघं जा, त्यातली एक बाई असू दे. एडीचा नंबर, इन्क्वेस्ट कोणी केला त्याचं नाव, पीएम नंबर, व्हिसेरा पाठवल्याचा जावक क्रमांक आणि तारीख, एवढं वहीत उतरवून घ्या. जावक क्रमांक नाही म्हणाले तर बरणी कुठल्या कपाटात आहे ते दाखवायला सांगा.